नवा सेल टाकला तरी 'सीएमओएस बॅटरी लो' येतंय. मदरबोर्ड खरंच गेला का?

मेघना_महाल | १२ मे, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बाबांच्या कॉम्प्युटरचं दुखणं घेऊन आले आहे.

बाबा निवृत्त झाल्यापासून घरूनच चार-पाच दुकानदारांचे हिशेब लिहितात. नागपूरला महाल भागातलं जुनं घर, खालच्या खोलीत टेबल, त्यावर २०१४ साली घेतलेला डेस्कटॉप. फेब्रुवारीत सुरू करताना काळ्या पडद्यावर 'सीएमओएस बॅटरी लो, एफ१ दाबा' असं यायला लागलं, म्हणजे बोर्डावरचा बटणासारखा छोटा सेल संपत आल्याची पाटी. बाबांनी महिनाभर एफ१ दाबून काढला, मला सांगितलंसुद्धा नाही. मग एक दिवस जीएसटीची साइट उघडेना, बँकेची उघडेना, प्रत्येक ठिकाणी लाल पाटी. बाबांना वाटलं खातं हॅक झालं. घामाघूम होऊन बँकेत फोन लावला. मी येऊन बघते तर कोपऱ्यात तारीख १ जानेवारी २०१४.

मार्चमध्ये मीच चाळीस रुपयांचा सेल आणून बसवला. छान चाललं. आता पुन्हा तीच पाटी! दुकानात नेला तर त्यांनी न उघडताच सांगितलं, "बोर्ड गेलाय, साडेचार हजार." बाबा म्हणतात एफ१ दाबत राहू. काय करू?

---

ऑरेंजसिटीवाला | १२ मे, रात्री १०:५२

न उघडता बोर्ड गेला हे कळलं म्हणजे डॉक्टर नाही, ज्योतिषी आहे तो. एक रुपया देऊ नका.

---

खामल्याचा_बाळू | १२ मे, रात्री ११:०५

बाबा बरोबर सांगून राहिले. एफ१ दाबा न् मजेत राहा. आमच्या ऑफिसात एक डबा चार वर्षं असाच चालून राहिला. बटणावरचा '१' पुसून गेला, फक्त 'एफ' उरला. काऊन पैसे घालवता?

---

कीडा | १२ मे, रात्री ११:३८

बाळूभाऊ, तुमच्या डब्यावर बँक उघडत नसेल म्हणून चाललं. मेघनाताईंच्या बाबांचं जे झालं ते हॅकिंग नव्हतं, साधा हिशेब होता. प्रत्येक साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्रावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत चालेल' असं लिहिलेलं असतं. कॉम्प्युटर २०१४ मध्ये बसला असेल तर त्याच्या मते ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नाही, म्हणून लाल पाटी. डिजिटल सहीच्या टोकनचीही तीच गत.

आणि 'इंटरनेट लागलं की वेळ आपोआप जुळते' यावर फार विसंबू नका. घरगुती विंडोजमध्ये वेळ जुळवणारी जी सेवा असते, ती मुळातल्या सेटिंगनुसार १५ तासांपेक्षा जास्त फरक दिसला तर हातच लावत नाही. आधी हाताने आजची तारीख टाकायची, मग ती बाकीची मिनिटं जुळवते.

आता सेल काय करतो ते. बोर्डावर एक छोटं घड्याळ असतं, सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणाऱ्या स्फटिकावर चालणारं. हा आकडा म्हणजे दोनाचा पंधरावा घात, पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर एक ठोका. कॉम्प्युटर बंद असताना हे घड्याळ आणि थोडी सेटिंग्ज जिवंत ठेवायचं काम सेलचं.

पण एक खुबी आहे. कॉम्प्युटर बंद असला तरी भिंतीवरचं बटण चालू असेल तर एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) ५ व्होल्टची स्टँडबाय लाइन देत राहतो, घड्याळ त्यावर चालतं आणि सेल आराम करतो. बटण बंद केलं की सेल कामावर. बाबा रात्री भिंतीवरचं बटण बंद करतात का?

---

मेघना_महाल | १२ मे, रात्री ११:४६

करतात! घरातली सगळी बटणं बंद करून, मग दोनदा तपासून झोपतात.

---

ऑरेंजसिटीवाला | १२ मे, रात्री ११:४९

सगळ्यांचे बाबा एकाच कारखान्यात बनले आहेत.

---

ट्रान्झिस्टर | १३ मे, सकाळी ७:१५

बटण बंद केल्यानं सेल लवकर संपेल, पण दीड-दोन महिन्यांत नाही. आकडे मांडू.

सीआर२०३२ हे नाव म्हणजेच त्याचं माप. 'सी' म्हणजे लिथियम-मँगनीज डायऑक्साइडचा, 'आर' म्हणजे गोल, व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. चांगल्या सेलमध्ये साधारण २२५ मिलिअँपिअर-तास असतात. घड्याळ ५ मायक्रोअँपिअर खातं असं धरा. ४५,००० तास झाले. वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे भिंतीवरचं बटण कायम बंद ठेवलं तरी पाच वर्षं.

तोच सेल सहा आठवड्यांत संपला म्हणायचा तर बोर्ड सव्वादोनशे मायक्रोअँपिअर पितोय, हिशेबाच्या चाळीसपटीहून जास्त. तेव्हा तीनच शक्यता. एक, सेल दुकानातच म्हातारा झालेला होता. दोन, बोर्डावर कुठे तरी गळती आहे. तीन, सेल ठणठणीत आहे पण त्याचे व्होल्ट बोर्डापर्यंत पोचत नाहीयेत.

मेघनाताई, शंभर-दीडशेचं मल्टीमीटर मिळालं तर दोन मापं हवीत. सेल बाहेर काढून व्होल्ट किती, आणि तोच सेल आत असताना बायॉसच्या (विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डाच्या सेटिंग्जच्या) हार्डवेअर मॉनिटरच्या पानावर 'व्हीबॅट'समोर, म्हणजे सेलचे बोर्डाला दिसणारे व्होल्ट, किती. नवा सेल ३.२ च्या आसपास दाखवतो. २.८ च्या खाली गेला की बदलायच्या यादीत. मीटरला नुसता टेकवलेला मेलेला सेलही कधी कधी ३ दाखवून फसवतो, म्हणून १० किलोओहमचा रेझिस्टर समांतर लावून बघितलात तर उत्तम. या दोन आकड्यांत उत्तर आहे. तोवर काही विकत घेऊ नका.

---

पेठेतला | १३ मे, सकाळी ९:०२

एक दुरुस्ती. धाग्याच्या शीर्षकात 'बॅटरी' म्हटलंय. एकच असेल तर सेल, अनेक जोडले तर बॅटरी. पडद्यावरची पाटीही त्या अर्थानं चूकच.

---

खामल्याचा_बाळू | १३ मे, सकाळी ९:१०

पुण्याहून पार्सल आलं. आता कॉम्प्युटर सुरू होते.

---

बुटीबोरीकर | १३ मे, दुपारी १२:२०

सेल काढण्याआधी एक काम नक्की करा. बायॉसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो. हे मी हात पोळल्यावर शिकलो.

आमच्याकडे एका मशीनला जोडलेला पीसी आहे. शिफ्ट बदलताना सेल बदलला, पाच मिनिटांचं काम म्हणून. सुरू केला तर विंडोज निळी. अर्धा तास डोकं खाजवल्यावर कळलं की सेल काढल्यामुळे डिस्क चालवायची पद्धत 'रेड' मोडवरून 'एएचसीआय' मोडवर गेली होती. कुठल्या बोर्डावर सेटिंग्ज फ्लॅशमध्ये टिकतात, कुठल्यावर सेल निघाला की पुसतात. तुमचा कोणता ते आधी कळत नाही. घरच्या लॅपटॉपला बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की पण हाताशी ठेवा, सेटिंग्ज हलल्या की ती मागू शकतो.

ज्या पीसीला कीबोर्डच नाही तिथे तर ही पाटी म्हणजे संकट. लाइट जाऊन आली की तो एफ१ ची वाट बघत बसतो आणि आपण समजतो पीसी मेला. बायॉसमध्ये 'हॉल्ट ऑन' (कुठल्या चुकीवर थांबायचं ते) सापडलं तर 'नो एरर्स' करून ठेवा. फक्त मग पाटी दिसणार नाही, म्हणून कॅबिनेटवर सेल बदलल्याची तारीख मार्करनं लिहितो आम्ही.

---

कीडा | १३ मे, दुपारी १:०५

त्यासाठीच मी भिंतीवरचं बटण चालू ठेवून सेल बदलतो. पीसी बंद, स्टँडबाय चालू. सेटिंग्जही राहतात, वेळही राहते.

---

ट्रान्झिस्टर | १३ मे, दुपारी १:२२

कीडा, हे इथे लिहू नका. तुमचा हात बसलेला आहे. स्टँडबाय चालू असताना हातातून सेल निसटून ग्राफिक्स कार्डाच्या पिनांवर पडला तर साडेचार हजारांचं भाकीत खरं होईल. वायर काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून उरलेला चार्ज उतरवा, मग हात घाला. तारीख भरायला एक मिनिट लागतं.

---

कीडा | १३ मे, दुपारी १:३०

पंधरा वर्षांत एकदाही पडला नाही. पण नवख्यांसाठी तुमचं मान्य.

---

जुनाजाणता | १३ मे, दुपारी ४:४५

दुपारची झोप झाली, आता लिहितो.

तुम्ही लोक एफ१ ला कंटाळता. १९८१ च्या मूळ आयबीएम पीसीत बॅटरीवर चालणारं घड्याळच नव्हतं. रोज सकाळी डॉस (विंडोजच्या आधीची ऑपरेटिंग सिस्टीम) विचारायचं, आज तारीख काय, वाजले किती. आम्ही भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे बघून टाइप करायचो. घाईत असलो की नुसतं एंटर, म्हणून त्या काळच्या अर्ध्या फायली १ जानेवारी १९८० च्या. १९८४ साली एटी मॉडेल आलं, त्यात मोटोरोलाची घड्याळाची चिप आणि तिच्यात ६४ बाइटांची मेमरी. १४ बाइट घड्याळाला, उरलेल्या ५० मध्ये संसार.

पुढे बोर्डावर पिंपासारखी निकेल-कॅडमियमची बॅटरी असायची. ती वारली की गुपचूप मरत नसे, आतलं अल्कली ओकायची. हिरवी बुरशी चढल्यासारखी दिसायची आणि खालच्या तांब्याच्या रेषा खाऊन टाकायची. त्यापेक्षा हा बटन सेल सज्जन माणूस.

---

पेठेतला | १३ मे, सायंकाळी ५:०१

नागपूरकरांना दुपारची झोप कधीपासून?

---

जुनाजाणता | १३ मे, सायंकाळी ५:०८

बाहेर ४५ डिग्री आहे. तुम्ही येऊन जागून दाखवा.

---

अजनीएक्सप्रेस | १३ मे, सायंकाळी ६:३०

४५ डिग्रीवरून आठवलं. माझाही पीसी वेळ चुकवतो. सेल नवा, पाटी नाही. पण कधी कधी बरोबर साडेपाच तास मागे. उन्हामुळे होऊन राहिलं का?

---

कीडा | १३ मे, सायंकाळी ६:४१

साडेपाच तास म्हटलं की सेलकडे बघायचंच नाही. तुमच्याकडे विंडोजसोबत लिनक्सही आहे ना? लिनक्स बोर्डाच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. दोन भाडेकरू, एकच भिंतीवरचं घड्याळ. लिनक्समध्ये टाइमडेटसीटीएल कमांडनं 'लोकल आरटीसी' (बोर्डाच्या घड्याळात स्थानिक वेळ) चालू करा, नाही तर विंडोजच्या रजिस्ट्रीत जागतिक वेळ वापरायला सांगा. एकालाच समजवा, दोघांना समजावलंत तर पुन्हा भांडतील.

---

अजनीएक्सप्रेस | १३ मे, सायंकाळी ६:५०

हाव ना! उबुंटू लिनक्स आहे. गेल्या वर्षी यासाठी मी दोन सेल बदलले राजेहो.

---

ट्रान्झिस्टर | १३ मे, रात्री ८:१०

उन्हाचा प्रश्न अगदीच वेडा नाही. तो स्फटिक २५ डिग्रीला सगळ्यात वक्तशीर असतो. त्यापासून गरम झाला काय, थंड झाला काय, मागेच पडतो, आणि फरकाच्या वर्गानुसार पडतो. ४५ डिग्रीला साधारण दिवसाला सव्वा सेकंद, कॅबिनेटच्या आत ६० झाले तर साडेतीन सेकंद. तेव्हा नागपूरच्या मे महिन्यात महिनाभर बंद पडलेला पीसी अर्धा-पाऊण मिनिट मागे दिसला तर तो ऊन लागल्याचा परिणाम. तास नि वर्षं मागे गेला तर सेल. साडेपाच तास गेला तर उबुंटू.

---

ऑरेंजसिटीवाला | १३ मे, रात्री ८:२५

तसं पाहिलं तर अख्खं नागपूरच चुकीच्या वेळेवर चालून राहिलं. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, मिर्झापूरकडची. आपण ७९ च्या जरासं पुढे. अंशाला चार मिनिटं धरली तर आपला सूर्य सरासरी १३-१४ मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. झिरो माइलच्या दगडावर सगळ्या गावांची अंतरं आहेत, ही १३ मिनिटं कुठे नाहीत. ऑफिसात उशीर झाला की मी हेच सांगणार आहे.

---

सुगरण_काकू | १३ मे, रात्री ९:०५

मला यातलं फार कळत नाही, पण एक सांगायलाच हवं. काढलेला सेल टेबलावर ठेवू नका. लहान मूल क्षणात तोंडात घालतं. अन्ननलिकेत अडकला तर सेल फुटायची गरज नसते, ओलाव्यातून वीज वाहते आणि दोन तासांत आतून भाजून निघतं. 'बाहेर पडेल सकाळी' म्हणून थांबायचं नाही, उलटी करवायची नाही, सरळ एक्स-रे असलेला दवाखाना गाठायचा. एक्स-रेत तो नाण्यासारखाच दिसतो, त्यामुळे सेल असू शकतो हे डॉक्टरांना आपण सांगायचं. संपलेल्या सेलमध्येही एवढा जीव असतो. आमच्या शेजारी थोडक्यात निभावलं, म्हणून लिहिलं.

---

बुटीबोरीकर | १३ मे, रात्री ९:१२

काकू, हे वर पिन करायला पाहिजे. दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून, डबीत बंद करून मग ई-कचऱ्यात.

---

मेघना_महाल | १४ मे, रात्री ९:५०

मापं आणली! शेजारच्या दादाकडून मीटर घेतलं.

सेल बाहेर काढून: ३.०९. रेझिस्टर लावून: ३.०४.
बायॉसमध्ये व्हीबॅटसमोर: २.३८.

म्हणजे सेल चांगला आहे ना? मग २.३८ काऊन?

---

ट्रान्झिस्टर | १४ मे, रात्री १०:०३

शाब्बास. सेल चांगला, गळती नाही (असती तर सेल मेला असता), बोर्डही बहुधा चांगला. मधे कुठे तरी ०.७ व्होल्ट हरवतोय, म्हणजे सॉकेट. सेल काढून खालची पत्र्याची जीभ टॉर्च मारून बघा. काय रंग आहे?

आणि एक प्रश्न. कॉम्प्युटरच्या खोलीत कूलर आहे का?

---

मेघना_महाल | १४ मे, रात्री १०:२१

तुम्हाला कसं कळलं?? खिडकीत कूलर, त्याच्या झोतासमोरच टेबल. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नव्या ताट्या लावून सुरू केला. आणि पाटी परत आली ती एप्रिलच्या शेवटीच.

जीभ चमकदार असायला हवी होती का? ती मळकट आहे, कडेला हिरवट-पांढरा थर. धूळ ओली होऊन वाळल्यासारखी.

---

ऑरेंजसिटीवाला | १४ मे, रात्री १०:२४

खुनी सापडला. खिडकीतच बसला होता, पाणी पीत.

---

ट्रान्झिस्टर | १४ मे, रात्री १०:३५

माणसाला गारवा, सॉकेटला गंज. एवढ्याशा करंटला आपण गृहीत धरतो, पण पाच मायक्रोअँपिअरच्या वाटेत लाखभर ओहमचा मळ बसला की अर्धा व्होल्ट तिथेच गेला.

वायर काढून, ब्रशनं कोरडी धूळ आधी. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी बुडवून जीभ आणि वरची क्लिप पुसा. थर हट्टी असेल तर पेन्सिलच्या टोकाचं खोडरबर. सॅंडपेपर नको, मुलामा निघाला की पुढच्या उन्हाळ्यात आणखी लवकर गंजेल. टूथपिकनं जीभ केसभर वर उचला, म्हणजे दाब नीट बसेल. लोखंडी चिमटा सेलच्या दोन्ही बाजूंना टेकू देऊ नका. पूर्ण वाळू द्या, मग तोच सेल परत, अक्षरं वर.

---

कीडा | १४ मे, रात्री १०:४४

सीएमओएस क्लिअर करायचा (सेटिंग्ज पुसायचा) जंपरही, म्हणजे पिनांवरची छोटी टोपी, एकदा बघा. तो पुसायच्या जागी राहिला तर कुठलाही सेल टिकत नाही. आणि दुकानदार '२०३२ नाही, २०२५ घ्या, सेमच आहे' म्हणाला तर घेऊ नका. तो अर्ध्याहून जास्त मिलिमीटर पातळ असतो, सॉकेटमध्ये खुळखुळतो.

---

अजनीएक्सप्रेस | १५ मे, सकाळी ८:३०

लिनक्सवाल्यांना सेलची तब्येत आधीच कळते का? माझ्याकडे 'बॅट स्टेटस ओके' येतं.

---

कीडा | १५ मे, सकाळी ८:४१

त्या 'ओके'वर जाऊ नका. बहुतेक पीसीत ती घड्याळ-चिपची एकच खूण असते: वेळ आणि मेमरी भरवशाची आहे की नाही. हो किंवा नाही, मधलं काही नाही. सेल २.७ वर लटकत असला तरी ओके. व्होल्ट बघायचे तर सेन्सर्सच्या यादीत व्हीबॅट शोधा, बहुतेक बोर्डांवर सापडतं.

---

मेघना_महाल | १६ मे, रात्री १०:१५

रविवारची वाट न बघता आजच केलं. जंपर जागेवर होता. अल्कोहोलनं अर्धंच निघालं, खोडरबरानं बाकीचं. कापसाची काडी हिरवी झाली ती बाबांना दाखवली, ते म्हणाले, "एवढ्याशा मळासाठी बँकेत फोन केला मी." तोच चाळीस रुपयांचा सेल परत बसवला.

बायॉसमध्ये आता ३.०६. तारीख भरली, भिंतीवरचं बटण मुद्दाम तीन तास बंद ठेवलं, वेळ जागच्या जागी. पाटी नाही. साडेचार हजारही नाहीत.

टेबल दुसऱ्या भिंतीला सरकवलं. आता बाबांची तक्रार आहे की तिथे हवा लागत नाही.

---

ऑरेंजसिटीवाला | १६ मे, रात्री १०:२०

वाचलेल्या साडेचार हजारांतून सगळ्यांना तर्री पोहे. पेठेतल्यांना बिना तर्रीचे.

---

पेठेतला | १६ मे, रात्री १०:३१

मी तर्री खातो. आणि शीर्षकात 'बॅटरी' अजून तसंच आहे.

---

खामल्याचा_बाळू | १७ मे, सकाळी ११:२५

हे सारं वाचून मले पण लाज वाटली. काल आमच्या डब्यात सेल टाकला, चार वर्षांत पहिल्यांदा. आता सुरू होताना काही विचारतच नाही. पण बोट सवयीनं एफ१ वरच जाते, न् विंडोज आल्या आल्या मदतीचं पान उघडून बसते. साहेब विचारून राहिले, "बाळू, तुला रोज सकाळी कसली मदत लागते बे?"